एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) प्लेअर सेकंडहँड घेताय? माझे 57,900 गेलेत, आधी हे वाचा

सेकंडहँड मालात कसं गंडवतात ते आता शेंबड्या पोरालाही माहितीय. टोकन घेऊन गायब होणारे, आर्मीत आहे बदली झालीय म्हणणारे, क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील सांगणारे. असल्यांना मी लांबूनच ओळखतो आणि म्हणूनच जास्त चिडलोय, कारण माझ्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. माणूस खरा, पत्ता खरा, मशीन खरं, मी स्वतः पुण्याहून नवी मुंबईला त्याच्या घरी गेलो, कानाला हेडफोन लावून ऐकलं, चहा प्यायलो आणि मगच पैसे दिले. तरी टोपी बसली.

आधी हे सांगतो की असला प्लेअर हवाच कशाला, नाहीतर खाली कॉमेंटमध्ये लगेच सुरू होतील की स्ट्रीमिंग का नाही करत. घरात आई साडेनऊला झोपते, मुलीची बारावी, स्पीकर लावायची सोय नाही, त्यामुळे माझं ऐकणं म्हणजे रात्री हेडफोनवर. हेडफोन सेनहायझरचे एचडी 600. भाच्याने अमेरिकेहून येताना आणलेल्या आणि मी इकडूनतिकडून जमवलेल्या एसएसीडी बऱ्याच आहेत, आणि त्या साध्या सीडी प्लेअरमध्ये वाजल्या तरी वाजतो तो फक्त सीडीचा थर, म्हणजे 16 बिट, सेकंदाला 44,100 सॅम्पलवालं. एसएसीडीचा खरा माल वेगळ्या थरात असतो, डीएसडी नावाच्या फॉरमॅटमध्ये, सेकंदाला 28 लाखांहून जास्त सॅम्पल, आणि तो वाचायला वेगळा लेझर लागतो. मला एकच डबा हवा होता ज्यात एसएसीडी वाजेल आणि पुढच्या बाजूला बरा हेडफोन जॅक असेल. वेगळा डॅक (डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा डबा), वेगळा अँप, वायरींचा गुंता, हे लटांबर नको होतं.

आता बाजारात बघा काय मिळतं. नवीन आणि हेडफोन जॅकवालं घ्यायचं तर लाखाच्या पुढे. स्वस्तातले काही ब्लू-रे प्लेअर एसएसीडी वाचतात पण मागे अ‍ॅनालॉग आउटच नाही, सगळं एचडीएमआयमधून, मग हेडफोन लावू कुठं, टीव्हीला? ओप्पोचा 205 म्हणजे स्वप्न, त्यात हेडफोन जॅक आहे (203 मध्ये नाही, नाव बघून गल्लत करू नका), पण ओप्पोने 2018 मध्ये प्लेअर बनवणंच बंद केलं आणि तेव्हापासून जुन्या 205 चे भाव सोन्यासारखे चढलेत. राहिला पर्याय जपानहून आलेले जुने प्लेअर. या गृहस्थाची जाहिरात त्यातलीच होती. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कंपनीचा यात काही दोष नाही, चांगलं मशीन आहे.

जाहिरात 62,000 ची होती, "मिंट, सिंगल ओनर, फक्त 100 व्होल्ट". घासाघीस करून 54,500 ला तयार झाला. 5,000 टोकन यूपीआयने. नाव वेगळंच दिसलं तर म्हणे मेव्हण्याचं खातं आहे सर, माझं लिमिट संपलंय. आता यावर कोणी शहाणपण शिकवू नका, निम्म्या महाराष्ट्राचे व्यवहार मेव्हण्याच्या खात्यावर चालतात.

घर टापटीप. शेल्फवर एलपी, भिंतीला फोम, बोलणं एकदम जाणकाराचं. प्लेअर टेबलावर, त्याच्या शेजारी त्याचा स्वतःचा डॅक-अँप, आणि प्लेअरमधून त्या अँपला ऑप्टिकल केबल. मी म्हटलं मला याच्याच जॅकवर ऐकायचंय. तर म्हणाला, "सर ऐका की, पण तुमचे हेडफोन 300 ओहमचे, जॅकवर आवाज जरा दबलेला वाटेल आणि तुम्ही मशीनला नावं ठेवाल. आधी या अँपवर ऐका, मशीनची लायकी कळेल." डिस्प्ले बंद होता. तो का, तर प्युअर मोड, डिस्प्लेचा नॉइज येतो. हेही खोटं नाही, डिस्प्ले बंद करायची सोय चांगल्या प्लेअरमध्ये असतेच. माझीच एक हायब्रिड डिस्क (सीडी आणि एसएसीडी दोन्ही थर असलेली), जॅझची, त्याने ट्रेमध्ये ठेवली आणि प्ले दाबलं.

आणि आवाज आला.

आता जे रात्री दोन वाजता मला उठवून बसवतं ते हे, की आवाज आला तिथेच खेळ खलास व्हायला हवा होता. असल्या प्लेअरमधून एसएसीडीचा थर डिजिटल आउटमधून, म्हणजे ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सिअलमधून बाहेर येतच नाही! कॉपी होऊ नये म्हणून सोनी-फिलिप्सने 1999 ला फॉरमॅट आणला तेव्हापासूनची ही बोंब आहे, एसएसीडी लावली की ऑप्टिकल मुकं. म्हणजे त्या केबलमधून सूर आला याचाच अर्थ मशीन सीडीचा थर वाजवत होतं. हे मला माहीत होतं हो! हेच मी लोकांना समजावून सांगत आलोय. पण समोर ब्रशवर ड्रम वाजतोय, डबल बास घुमतोय, हेडफोन ओळखीचे, अँप माझ्या घरच्यापेक्षा कितीतरी वरच्या दर्जाचा, त्यात तो माणूस कानाशी "बघा सर, हा एसएसीडीचा एअर, सीडीत नाही येणार" करतोय. त्या खोलीत तुमच्यातला कोणीही असता तरी त्याने मान डोलावली असती. आणि चांगल्या रेकॉर्डिंगचा सीडीचा थर चांगल्या अँपवर वाईट वाजतो का? नाही वाजत. त्यावरच तर त्याचा धंदा चालतो.

मग प्लेअरच्या जॅकवरही ऐकलं, वाजला. डिस्प्ले चालू करा म्हटलं तर बटण रिमोटवर आणि रिमोटचे सेल गेलेले. घरी जाऊन टाका, 20 रुपयांचे सेल सर.

पैसे देताना 25,000 यूपीआयने आणि 24,500 कॅश घेतले, वर 2,800 कॅश स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरचे, कारण मशीन 100 व्होल्टचं आणि आपल्याकडे 230. ट्रान्सफॉर्मरवर काळ्या स्केच पेनने "100व्ही" लिहिलेलं. स्केच पेनने!

घरी आणून सेल टाकले, डिस्प्ले लावला, तर हायब्रिड डिस्क टाकल्यावर त्यावर "सीडी" दिसलं. लेयर बदलायचं बटण दाबलं, बराच वेळ खरखर खरखर आणि नो डिस्क. दुसरी, तिसरी, तेच. माझ्याकडे एक जुनी सिंगल लेयरवाली आहे, तिच्यात सीडीचा थरच नसतो, तिला तर त्याने ओळखच दाखवली नाही. फोन केला तर आधी "सर लेन्स क्लीनर मारा", मग "प्रवासात हललं असेल", आणि तिसऱ्या फोनला आवाज बदलला, "तुम्ही व्होल्टेज चढवलं असेल, माझ्याकडे तर तुम्ही स्वतः ऐकलंत." त्यानंतर ब्लॉक.

पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एक काका आहेत, जुने कॅसेट डेकवाले, त्यांच्याकडे नेलं. 600 रुपये तपासणीचे घेतले आणि पैन् पै वसूल करून दिली. त्यांनी उघडून दाखवलं, एकाच पिकअपमध्ये (डिस्क वाचणारा भाग) दोन लेझर, सीडीचा 780 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड आणि एसएसीडीचा 650 चा लाल. लाल पूर्ण मेलेला. आणि स्क्रूंच्या डोक्यावर आधीच स्क्रू ड्रायव्हर घसरल्याचे ओरखडे, म्हणजे कोणीतरी माझ्या आधी उघडून बघितलेलं, त्याला पक्कं माहीत होतं. मग ट्रान्सफॉर्मरला मीटर लावला तर 115 व्होल्ट! तो 100 चा नाहीच, अमेरिकन वस्तूंसाठी मिळतो तो 110 वाला, आणि आपली लाइन 240 च्या आसपास असली की तो 115 देणारच. म्हणजे अजून काही महिने वापरलं असतं तर पॉवर सप्लायही तापून तापून गेला असता आणि खापर पुन्हा माझ्यावर. नवीन पिकअप मिळेल का विचारलं तर काका म्हणाले, "मिळाला तर तोही कोणाचातरी काढलेलाच असणार, मी पैसे लावायला सांगणार नाही." एवढं सरळ बोलणारा माणूस या सगळ्या प्रकरणात मला तो एकच भेटला.

आता पुढचा तमाशा. पोलीस स्टेशनला गेलो. ठाणे अंमलदारांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न, "म्हणजे वाजतंय ना?" वाजतंय हो, पण जे वाजायला हवं ते वाजत नाही. "मग काका, वाजतंय तर फसवणूक कसली?" मी त्यांना हायब्रिड डिस्कचे दोन थर समजावले, वर अर्ध्या मिलीमीटरच्या जरा पुढे एक आणि तळाशी दुसरा, ते माझ्याकडे असे बघायला लागले की घरचं कोणी सोबत आलंय का. शेवटी "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा" आणि वर "व्यवहार नवी मुंबईत झाला, तिकडे द्या." भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे, आणि जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते असं स्पष्ट लिहिलंय, हे मी प्रिंट काढून नेलं होतं. त्यांनी प्रिंट वाचला, घडी घातली, मला परत दिला. सायबरवाले म्हणाले वस्तू हातात मिळाली, ओटीपी नाही, लिंक नाही, यात सायबर काय? तिकडे नवी मुंबईत गेलो तर म्हणे राहता कुठं, पुण्यात, मग पुण्यात का नाही दिली? फुटबॉल करून टाकला माणसाचा. कॅशचा पुरावा विचारला, 27,300 रुपयांचा माझ्याकडे शून्य पुरावा. यूपीआयचे 30,000 दाखवले तर खातं मेव्हण्याचं, आणि मेव्हण्याने मला काहीच विकलेलं नाही! बघा किती व्यवस्थित मांडणी आहे. बँकेत गेलो तर साहेब स्क्रीनवरून नजर न हलवता, "पिन तुम्हीच टाकला ना?" जाहिरातीच्या अ‍ॅपवाल्यांचं छापील उत्तर, दोन खाजगी व्यक्तींमधला व्यवहार. ग्राहक म्हणून दाद मागायला गेलो तर समोरचा व्यापारी हवा, घरातली जुनी वस्तू विकणारा व्यापारी नाही. अरे पण त्याच्या नावावर त्याच अ‍ॅपवर अँप, टर्नटेबल, अजून एक प्लेअर अशा ढीगभर जाहिराती आहेत, घरातल्या वस्तू इतक्या कोणाच्या असतात? ते सिद्ध करायचं कोणी, तर मीच. कर भरा, रांगेत उभे राहा आणि तपासही स्वतःच करा.

म्हणून सांगतो, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आधीच काढा, भांडण झाल्यावर नाही, ती गायब होते. मी काढले होते ते सुदैवाने आहेत आणि वकिलाची नोटीस जातेय. कॅश देऊ नका, द्यायचीच तर कागदावर सही घ्या, तो "सर एवढा पण विश्वास नाही का" म्हणाला तर हो म्हणा. खात्याचं नाव आणि माणसाचं नाव एक नसेल तर उठा. पैसे ऑनलाइन पळवले असतील तर 1930 ला ताबडतोब फोन, तासाभराच्या आत केला तर समोरच्या खात्यात रक्कम अडकू शकते. माझ्यासारख्या केसला त्याचा उपयोग नाही पण तुम्हाला होईल.

आणि मशीन बघताना, डिस्प्ले चालू, त्यावर एसएसीडी हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी बघा. सेल खिशात न्या, रिमोटला दोन लागतात. ऑप्टिकल, कोअ‍ॅक्सिअल, काय जोडलं असेल ते उपटून ठेवा आणि फक्त त्याच्या जॅकवर किंवा मागच्या आरसीए, म्हणजे अ‍ॅनालॉग, आउटवर ऐका. जपानी मशीन असेल तर मागची पट्टी वाचा आणि ट्रान्सफॉर्मर स्वतः दुकानातून 100 चाच मागून घ्या, मीटर लावून. साधी हायब्रिड डिस्क नेऊन काही सिद्ध होत नाही, सिंगल लेयर डिस्क न्या, ती वाजली तरच लाल लेझर जिवंत आहे.

काल त्याची नवीन जाहिरात दिसली. तेच टेबल, तोच फोम, प्लेअर दुसरा, "ऑडिओफाइल ग्रेड, स्टेपडाऊन फ्री", 68,000. कोणी नवी मुंबईत बघायला जाणार असाल आणि पुण्यात राहत असाल तर मेसेज करा, माझी सिंगल लेयर डिस्क घेऊन जा. परत मात्र आणून द्या.