करवंटीच्या कोळशाचे ब्रिकेट: पाकीट वाचून घ्या, मग पेटवा

मराठीत 'कोळसा' म्हटलं की लोणारी कोळसाही आला आणि दगडी कोळसाही. पाकिटावरच्या इंग्रजीत मात्र हे शब्द वेगळे आहेत, आणि खरेदीत फसगत होते ती तिथेच. 'कोल' म्हणजे खाणीतला. त्यात गंधक असतं, त्यावर अन्न भाजायचं नाही. 'कोक' म्हणजे तोच दगडी कोळसा हवेशिवाय तापवून केलेला. तो लोहाराच्या भट्टीचा आणि पोलाद कारखान्याचा माल. शेगडीला हवा तो 'चारकोल'. त्यातही 'लंप' म्हणजे लाकडाच्या कोळशाचे जसेच्या तसे तुकडे, आणि 'ब्रिकेट' म्हणजे कोळशाचा भुगा स्टार्चच्या खळीत मळून, दाबून केलेल्या वड्या. 'कोकोनट शेल ब्रिकेट' या करवंटीच्या कोळशाच्या वड्या.

दीड-दोन तास एकसारखी धग लागणार असेल, म्हणजे कबाब, पनीर, कणसं, बांगडे असा मोठा बेत असेल, तर या वड्या लाकडी कोळशापेक्षा निश्चित सरस आहेत. ठिणग्या जवळपास उडत नाहीत, धूर कमी, पुन्हा पुन्हा कोळसा घालावा लागत नाही. पण भरतासाठी दोनच वांगी भाजायची असतील तर बाभळीचा साधा कोळसा घ्या. वड्या पेटायलाच 20 ते 25 मिनिटं घेतात.

मुळात करवंटी घट्ट, त्यात वडी दाबलेली. म्हणून काडी लावून ती पेटत नाही. चिमणीत, म्हणजे खाली भोकं असलेल्या पत्र्याच्या नळकांड्यात, वड्या उभ्या रचा. तळाशी खोबरेल तेलात भिजवलेले कापसाचे दोन-तीन बोळे ठेवून पेटवा. रॉकेल नको, त्याचा वास पदार्थाला लागतो. चार माणसांना साधारण 1 किलो वड्या पुरतात.

'ऍश्ड ओव्हर' हे पाकिटावरचे सर्वांत महत्त्वाचे दोन शब्द. वडीवर पांढरट राखेचा थर चढला की जाळी ठेवायची, त्याआधी नाही. ज्वाळ दिसली म्हणून मांस चढवलं तर बाहेरून करपतं, आत कच्चं राहतं. भाजायचं ते 'एम्बर'वर, निखाऱ्यावर, 'फ्लेम'वर नव्हे. जाळीवर चार बोटं अंतर ठेवून हात धरा: दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर आच तेज, पाच-सहा सेकंद धरवला तर मध्यम. 'सीअर' म्हणजे तेज आचेवर तपकिरी खरपूस पापुद्रा आणणं, 'चार' म्हणजे पृष्ठभाग काळा होईपर्यंत जाळणं. पाककृतीत पहिला शब्द असताना दुसरं घडतं ते बहुधा 'फ्लेअर-अप'मुळे, म्हणजे चरबी निखाऱ्यावर ठिबकून उठणाऱ्या भडक्यामुळे. अशा वेळी पाणी मारू नका, राख उडून अन्नावर बसते. तुकडा बाजूला सरकवा.

वड्या नुसत्या धुमसत राहिल्या, इंग्रजीत 'स्मोल्डर', तर दोनच कारणं: ओल किंवा हवेची कोंडी. कोळसा दमट हवेत पाणी ओढतो. पावसाळ्यात उघडं राहिलेलं पाकीट दिवसभर उन्हात घाला. पाकिटाच्या तळचा भुगा शेगडीत ओतू नका, जाळीची भोकं तोच बुजवतो.

माल कसा ओळखावा? दोन वड्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजाव्यात, हाताला काजळी कमी लागावी. चांगल्या वडीची राख थोडी आणि फिकट असते. तांबूस, जड, ढेकळासारखी राख निघाली तर कोळशात माती मिसळली आहे, तो माल पुन्हा विकत घेऊ नये. 'क्विक लाइट' लिहिलेल्या चकत्या तर अन्नासाठी मुळीच नकोत. झटकन पेटाव्यात म्हणून त्यांत सोरा किंवा तसलंच काही घातलेलं असतं, पेटताना त्या तडतडतात.

'स्मोकलेस' या शब्दावर विसंबून शेगडी घरात आणणं मात्र जिवावर बेतू शकतं. धूर नसला तरी कार्बन मोनॉक्साइड असतोच, आणि त्याला ना रंग ना वास. गच्ची, अंगण, उघडं परसू, एवढ्याच जागा. काम झाल्यावर वड्या विझल्यासारख्या दिसतात, पण राखेखाली कित्येक तास धगधगत असतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात 24 तास ठेवून मगच राख टाका.