नारायण पेठेतलं कपडे अल्टर करायचं दुकान, चार स्टार (एक चेनमुळे कापला)

दुकानाला पाटी नाही त्यामुळे नाव मलाही माहीत नाही. पत्र्या मारुतीपासून आत गल्लीत, जिन्याखालची जागा, एक शिलाई मशीन, एक ओव्हरलॉकचं आणि एकच खुर्ची जिच्यावर कायम कुणाचे तरी पडदे पडलेले असतात. नवीन काही शिवत नाहीत, फक्त अल्टर.

मी का गेलो ते सांगतो. १४ महिने बिनपगारी रजा काढून मित्राच्या ३८ फुटी शिडाच्या बोटीवर होतो, बराच काळ मलेशिया-थायलंडकडे आणि शेवटी फुकेतहून श्रीलंकेत गॉलला. ते साधारण ११०० सागरी मैल, जानेवारीतला ईशान्येचा वारा म्हणजे पाठीमागून मिळतो, तरी दहा दिवस लागले कारण बोट पाच नॉटने चालते, म्हणजे ताशी नऊ किलोमीटर. हसू नका, संध्याकाळी सहाला हिंजवडीतून तुम्ही याहून जोरात निघता का?

आता परत कामावर. लॅपटॉप, आयडी कार्ड सगळं एका दिवसात मिळालं. जो तो विचारतो कसं होतं रे, आणि मी तोंड उघडेपर्यंत त्याची मीटिंग सुरू झालेली असते. रात्री दोन ते पाच माझी पाळी असायची त्यामुळे अजून पावणेदोनला टक्क जाग येते, गॅलरीत जाऊन वारा कुठून आहे बघतो, वारा कसला डोंबलाचा, समोरच्या सोसायटीचा पंप चालू असतो. बायको आतून ओरडते, झोपा आता, वर शीड नाहीये.

तर कपडे. फॉर्मल पॅंट कंबरेत तीन इंच सैल आणि दोर ओढून-ओढून शर्ट नि ब्लेझर पाठीत घट्ट. सगळं गाठोडं घेऊन गेलो तर काकांनी आधी विचारलं, आजारी होतात का? म्हटलं नाही, बोटीवर होतो. एरवी लोक विचारतात वादळ लागलं का, शार्क दिसला का. काकांनी विचारलं, शिडाचं कापड कुठलं असतं?

मग मीच सुटलो. आमचं डेक्रॉनचं होतं, म्हणजे पॉलिएस्टरच, पण घट्ट विणीचं. उन्हाने आधी दोरा कुजतो, कापड नंतर. टीप झिगझॅग असते, कापड ताणलं की टीपही थोडी ताणली पाहिजे म्हणून. काका म्हणाले छत्रीचंही तेच, कापड धड असतं आणि शिवण उसवते. मोबाईलवर मी स्वतः समुद्रात हाताने शिवलेल्या शिडाचा फोटो दाखवला, त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "टाके लांब पडलेत." १४ महिन्यांवर मिळालेली ही एकमेव कामाची प्रतिक्रिया.

कामाबद्दल. पॅंटची कंबर आत घेतली पण जास्तीचं कापड कापलं नाही, आत दुमडून माया ठेवली. "सहा महिने खुर्चीत बसलात की लागेल." तीन इंच घेतल्यावर मागचे दोन खिसे एकमेकांच्या जवळ येतात, ते त्यांनी आधीच सांगितलं, फसवलं नाही. ब्लेझर २०१६ला मावसभावाच्या लग्नात शिवलेला, त्याच्या पाठीच्या मधल्या शिवणीत इंचभर माया निघाली ती सोडली. आतली पट्टी बाहेरच्यापेक्षा गडद निघाली, इतकी वर्षं ऊन लागलंच नव्हतं तिला, आणि जुन्या टिपेची बारीक रेघ ट्यूबलाइटखाली दिसते. ओलं फडकं ठेवून इस्त्री मारली तरी थोडी राहिलीच. शर्ट मात्र परत दिले. "रेडिमेडमध्ये माया नसतेच हो, सोडू काय?"

आता तक्रार. गुरुवारी देतो म्हणाले, शनिवारी दिले. मधे शुक्रवारी क्लायंट आला आणि मी पट्ट्याने आवळलेल्या पोत्यासारख्या पॅंटमध्ये प्रेझेंटेशन दिलं. शिवाय काळ्या पॅंटला चॉकलेटी चेन लावली, विचारलं तर म्हणे आत कोण बघतंय.

पॅंटचे १८०, ब्लेझरचे ४५०. यूपीआय चालतं, क्यूआर पडद्यांच्या मागे आहे, मागून घ्या. गाडी नेऊ नका, डेक्कनला मेट्रोतून उतरून चालत जा.

बोटीवरची कॅनव्हासची पिशवी पण नेली होती, तिचा तळ उसवलाय. मशीनवर घेतली तर सुई मोडेल म्हणाले, हाताने करतो, ठेवून जा. कधी मिळेल विचारलं. म्हणाले, गुरुवारी.