नोटरीच्या शिक्क्यावर घेतलेले दोन गुंठे

एसटीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशांतून मी डिसेंबर २०२१ मध्ये शिरूर तालुक्यातील एका गावात दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतला. नऊ लाख रुपये मोजले. सहा लाख बँकेतून आणि तीन लाख रोख. आज त्या गटाच्या सातबाऱ्यावर तिसऱ्याच माणसाचे नाव आहे. हे सविस्तर लिहीत आहे, कारण अशीच समजूत घालून व्यवहार करणारे एजंट आमच्या भागात अजूनही फिरत आहेत.

एजंटने सांगितले की तुकडेबंदीमुळे (शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्यावरील कायदेशीर बंदी) गुंठ्याचे खरेदीखत रजिस्टर होत नाही, "म्हणून सगळे नोटरीवरच घेतात, काका." यातला पहिला भाग खरा होता आणि म्हणूनच दुसऱ्यावर माझा विश्वास बसला. त्याच वर्षी नोंदणी विभागाने परिपत्रक काढून असे दस्त नोंदवणे थांबवले होते. जो व्यवहार दुय्यम निबंधक, म्हणजे दस्त नोंदवणारा सरकारी अधिकारी, नोंदवून घेत नाही, तो तालुक्याच्या कोर्टाबाहेरच्या टेबलावर कायदेशीर कसा होईल, हा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता.

ते टेबल मला अजून डोळ्यांसमोर दिसते. पाचशे रुपयांच्या स्टँपपेपरवर टाईप केलेले "कायम खुषखरेदीखत", कब्जेपावती आणि कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) असे तीन कागद तयार होते. विकणाऱ्याच्या दोन बहिणींच्या नावांपुढे अंगठे आधीच उमटलेले होते. "ताईंचे काल घेतलेत," असे एजंट म्हणाला. नोटरींनी माझे आधार कार्ड पाहिले, त्यांच्या कारकुनाने बोट ठेवून "इथे, इथे आणि इथे" सह्या घेतल्या, प्रत्येक पानावर गोल शिक्का पडला आणि तिकिटे चिकटली. दहा मिनिटांत सगळे आटोपले. शिक्क्यात नोटरींचे नाव, नोंदणी क्रमांक आणि कार्यक्षेत्र स्पष्ट वाचता येत होते, आणि सरकारनेच या कागदावर हात ठेवला असे मला वाटले.

२०२३ मध्ये फेरफारासाठी तलाठ्यांकडे गेलो, तेव्हा त्यांनी कागद उलटून पाहिला आणि नोटरीवर फेरफार होत नाही, एवढेच सांगितले. पुढे दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घेतला तेव्हा सूची क्रमांक दोनमध्ये (नोंदवलेल्या दस्तांची यादी) तो संपूर्ण गट, विकणारा भाऊ आणि त्याच्या दोन्ही बहिणींच्या सह्यांनिशी, दुसऱ्याला नोंदणीकृत खरेदीखताने विकलेला आढळला.

त्यानंतर वकिलांकडून जे समजले, ते आधी कोणी सांगितले असते तर माझे पैसे वाचले असते. नोटरी हा नोटरी अधिनियम, १९५२ खाली सरकारने नेमलेला वकील असतो. त्यासाठी साधारणपणे दहा वर्षांची वकिली लागते (महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी सात) आणि त्याचे प्रमाणपत्र पाच वर्षांचे असून नंतर त्याचे नूतनीकरण करावे लागते. प्रतिज्ञापत्रावर शपथ देणे, मूळ कागदाशी ताडून नक्कल साक्षांकित करणे, समोर बसलेल्या माणसानेच दस्तावर सही केली असे प्रमाणित करणे, ही त्याची कामे आहेत. सही करणाऱ्याची जमिनीवर मालकी आहे की नाही, हे त्याचा शिक्का सांगत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जमीन विकायची तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ नुसार नोंदणीकृत दस्तच लागतो, आणि केवळ कुलमुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे.

मला सर्वांत जास्त संताप आहे तो अंगठ्यांचा. नोटरीला प्रत्येक कामाची नोंद स्वतःच्या रजिस्टरमध्ये ठेवावी लागते आणि त्या नोंदीसमोर संबंधित व्यक्तीची सही किंवा अंगठा घ्यावा लागतो. पोलिसांनी तपासात ते रजिस्टर मागवले, तेव्हा आमच्या दस्ताच्या क्रमांकासमोर माझी आणि विकणाऱ्या भावाची सही होती. बहिणींची जागा कोरी होती. दोघींनी जबाबात सांगितले की आपण त्या दिवशीच काय, कधीही त्या टेबलापाशी गेलो नव्हतो. नोटरींनी एवढेच म्हटले असते की "दोघींना समोर आणा", तर तो व्यवहार तिथेच मोडला असता. त्यांच्याविरुद्ध नियमाप्रमाणे सरकारकडे स्वतंत्र तक्रार दिली आहे.

जमीन घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पैसे देण्यापूर्वी सातबारा आणि जुने फेरफार तलाठ्यांकडून समजून घ्यावेत, दुय्यम निबंधकाकडे किमान तीस वर्षांचा शोध वकिलाकरवी घ्यावा आणि सातबाऱ्यावरील प्रत्येक नावाचा माणूस प्रत्यक्ष भेटावा. नोटरीपुढे सही करायची वेळ आलीच, तर रजिस्टरमधली ओळ स्वतः वाचावी आणि सगळ्यांच्या सह्या आपल्यासमोर होऊ द्याव्यात.

फसवणुकीचा गुन्हा दाखल आहे आणि पैसे परत मिळवण्याचा दावा दिवाणी न्यायालयात चालू आहे. तीन लाख रोख दिल्याची पावती माझ्याकडे नाही, त्यामुळे दाव्यात मी भक्कम पुराव्यानिशी मागू शकलो ते सहाच लाख.