मिशनच्या दवाखान्यात नाव घालण्याआधी

नाशिकमध्ये ‘मिशनचा दवाखाना’, म्हणजे कॅथलिक चर्चचं रुग्णालय, म्हटलं की लोक दोन गोष्टी गृहीत धरतात: सिस्टर मायेनं करतील आणि बिल कमी येईल. पहिली बहुतेक वेळा खरी ठरते. दुसरी कागदपत्रांवर अवलंबून असते. आणि इथे काय होत नाही, हे तर कुणी विचारतच नाही.

कॅथलिक रुग्णालयाचं खरं बळ शुश्रूषेत आहे, आणि त्याला जुना इतिहास आहे. सोळाव्या शतकातल्या संत कॅमिलस यांच्या धर्मसंघात, नेहमीच्या तीन शपथांखेरीज, जिवाला धोका असला तरी रुग्णसेवा सोडायची नाही, अशी वेगळी चौथी शपथ घेतली जाते. भारतात सिस्टर मेरी ग्लौरी या ऑस्ट्रेलियन डॉक्टर 1920 मध्ये गुंटूरला आल्या. देशभरातल्या कॅथलिक रुग्णालयांची संघटना त्यांनी 1943 मध्ये उभी केली. हा वारसा भिंतीवरच्या तसबिरीत शोधू नका, वॉर्डात तपासा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलल्याची नोंद तक्त्यावर आहे का? रात्रपाळीतही आहे का? शुश्रूषेसाठी आमची पहिली पसंती अशाच रुग्णालयाला.

खरी गफलत प्रसूतीत होते. दुसऱ्या सिझरच्या वेळीच कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन उरकून घेऊ, असं ठरवून जोडपं येतं आणि नवव्या महिन्यात कळतं की ते इथे करत नाहीत. चर्चच्या शिकवणीनुसार नसबंदी, तांबी, गर्भपात, टेस्ट ट्यूब बेबी यांतलं काहीच होत नाही. डॉक्टर हिंदू असो की मुसलमान, संस्थेचा नियम त्यालाही लागू. परिणाम सरळ आहे: पोट एकदा उघडलेलं असतानाच जे झालं असतं, त्यासाठी पुन्हा भूल आणि पुन्हा छेद. तेव्हा नाव घालतानाच विचारा. नसबंदी पक्की असेल तर प्रसूतीच जिल्हा रुग्णालयात किंवा महापालिकेच्या बिटको रुग्णालयात करायचा विचार करा. प्रसूती मिशनमध्येच झाली, तर टाक्याची शस्त्रक्रिया दुसरीकडे सात दिवसांच्या आत, नाहीतर सहा आठवड्यांनंतर. दुर्बिणीची पद्धत बाळंतपणानंतर लगेच चालत नाही.

गर्भनलिकेत गर्भ राहिला तर मात्र घाबरू नका. धोक्यात आलेली नलिका काढायला चर्चची हरकत नाही. गर्भाची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनाबद्दल चर्चच्या नीतितज्ज्ञांत एकमत नाही, म्हणून तो पर्याय मिळेल का, हे डॉक्टरांना थेट विचारा. ही सगळी यादी नोंदणीच्या खिडकीवर मराठीत लावायला काय हरकत आहे? ती लावत नाहीत, याचे आम्ही गुण कापतो.

आता बिल. रुग्णालय धर्मादाय नोंदणीचं असेल तर दया नव्हे, कायदा लागू होतो: 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये. तहसीलदारांचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन दाखल होतानाच समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. डिस्चार्जच्या दिवशी दाखला काढायला पळणाऱ्यांची फजिती ठरलेली. दुर्बल घटकाला औषधं आणि इम्प्लांटचा निम्मा तरी खर्च भरावा लागतो, हेही आधीच धरून चाला. तातडीच्या वेळी मात्र अनामत रकमेसाठी गरीब रुग्णाला दारात थांबवता येत नाही.

शेवटच्या आजारपणाबद्दल उलटाच गैरसमज आहे: ‘मिशनवाले व्हेंटिलेटर काढूच देत नाहीत.’ तसं नाही. उपयोग नसलेले, रुग्णाला असह्य झालेले उपचार नाकारता येतात. 1980 च्या व्हॅटिकनच्या जाहीरनाम्यात हे स्पष्ट आहे. मृत्यू घडवून आणणारं इंजेक्शन मात्र कदापि नाही. नळीनं दिलं जाणारं अन्नपाणी थांबवायलाही ते सहसा तयार होत नाहीत, आणि खटके इथेच उडतात. शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या वैद्यकीय इच्छापत्राची (लिव्हिंग विल) पद्धत सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सोपी केली आहे: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. त्यात नळीनं दिल्या जाणाऱ्या अन्नपाण्याचा उल्लेख स्पष्ट शब्दांत करा, प्रत फाइलला लावा आणि रुग्णालय ते पाळणार नसेल तर रुग्ण हलवण्याजोगा असतानाच हलवा.