मालवणात डबा टीव्ही दुरुस्त होतो, फक्त घाई नको

मालवणातल्या मेस्त्रींच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाला पाचपैकी चार गुण. एक कुठे कापला ते पुढे येईलच.

आचऱ्याला आमच्या होमस्टेच्या पडवीत २१ इंची जुना टीव्ही आहे. पाहुण्यांच्या खोल्यांत चपटे टीव्ही लावले, पण सासऱ्यांना हाच लागतो. फ्री डिशवर सह्याद्रीच्या बातम्या, नाहीतर डीव्हीडीवर दशावतार. पावसाळ्यात चित्र वरून दबायला लागलं. राजा रंगमंचावर आला की मुकुटाच्या जागी नुसत्या पांढऱ्या रेघा, आणि खाली काळा पट्टा. टीव्ही तापला की चित्र जरा सरळ व्हायचं, सकाळी पुन्हा तेच. जिथे विचारावं तिथे एकच उत्तर: पार्ट येत नाहीत, नवीन घ्या.

हे दुकान भरडाजवळच्या गल्लीत आहे. पाटी नाही, दारात ॲम्प्लिफायरचे खोके रचलेले असतात. मेस्त्रींनी टीव्ही उघडायच्या आधीच सांगितलं, "वैनी, ट्यूब बरी आसा. कंडेन्सर सुकलेत." ट्यूब म्हणजे चित्र दाखवणारी मोठी काच, आणि कंडेन्सर म्हणजे वीज साठवणारी छोटी डबी. तिच्या आत द्रवात भिजलेला कागद असतो. गरम हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) शेजारी वर्षानुवर्षं बसून तो द्रव आटतो. उरलासुरला थंड असताना नीट काम देत नाही, तापला की थोडं देतो. म्हणून आमचा टीव्ही सकाळी रुसायचा.

मी मुद्दाम थांबून बघितलं, आणि मला हे दुकान आवडलं ते इथेच. प्लग काढलेला असूनही त्यांनी आत हात घातला नाही. आधी स्क्रूड्रायव्हरला वायर जोडून तिचं दुसरं टोक ट्यूबभोवतीच्या उघड्या तारेला लावलं आणि पातं ट्यूबवरच्या जाड वायरच्या रबरी टोपीखाली सरकवलं. टक्‌ असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा तेच केलं, कारण ट्यूबमध्ये चार्ज परत साठतो. तिथे २० ते २५ हजार व्होल्ट असतात. पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरमध्येही ३०० च्या वर व्होल्ट राहतात, ते त्यांनी बल्ब लावून उतरवले. घरी यूट्यूब बघून हे करायला निघालेल्या भाच्याला मी हाच परिच्छेद वाचायला देणार आहे.

सरसकट सगळे कंडेन्सर बदलले नाहीत, हेही बरं वाटलं. व्हर्टिकल आयसीभोवतीचे (चित्र वर-खाली पसरवणाऱ्या चिपभोवतीचे) काढले आणि पॉवर सप्लायमधला एक फुगलेला. काढलेला प्रत्येक मीटरवर लावून दाखवला. १००० मायक्रोफॅरड (वीज साठवायच्या क्षमतेचं माप) लिहिलेला जेमतेम ३०० दाखवत होता. जुने ८५ डिग्रीपर्यंतची उष्णता सोसणारे होते, त्यांच्या जागी १०५ डिग्रीचे घातले. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि पट्टी असलेली बाजू निगेटिव्हला. टोपीखाली खारट हवेचा थर बसला होता तोही पुसला. मग थेट प्लगात न घालता सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत बल्ब जोडून, चालू केला. शॉर्ट असता तर बल्ब पूर्ण पेटला असता, टीव्ही वाचला असता.

चित्र आता वरपासून खालपर्यंत भरलंय. कडा किंचित गोलसर दिसतात, पण त्या आधीही तशाच होत्या.

६५० रुपये घेतले, मजुरी धरून. त्या मानाने कंडेन्सर स्वस्त असतात, बाकीचे पैसे डोळ्यांचे आणि हातांचे. माझी तक्रार नाही.

आता कापलेला गुण. चांगले कंडेन्सर ते मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून मागवतात. इथे मिळणाऱ्यांत मोठ्या डबीत छोटा कंडेन्सर भरलेला निघतो म्हणे. त्यामुळे टीव्ही दुकानात पडून राहतो आणि मेस्त्री फोन उचलत नाहीत. जत्रांचे दिवस सुरू झाले की दहिकाल्यांना (दशावताराच्या खेळांना) माईक लावायला रात्रभर बाहेर, मग दुकान दुपारी उघडणार. बिल मागितलं तर कॅलेंडरच्या पानामागे लिहून दिलं. गॅरंटी विचारली तर "बिघडलो तर हाडा" (म्हणजे घेऊन या), एवढीच.

जाताना सेट-टॉप बॉक्स आणि लाल-पांढरी-पिवळी केबल सोबत न्या, म्हणजे चित्र तिथेच बघून घेता येतं. रिमोट मात्र ते दुरुस्त करत नाहीत. आमचा अजून रबर बँड लावूनच चाललाय.