पाइप बँडच्या किल्टसाठी टार्टन, राजारामपुरीतला टेलर

आमच्या पाइप बँडचे किल्ट, म्हणजे बॅगपाइपवाले घालतात ते चुण्यांचे स्कॉटिश घागरे, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका युनिफॉर्मवाल्या टेलरकडं शिवले, काम लई भारी. टार्टनमध्ये, म्हणजे स्कॉटिश चौकड्याच्या कापडात, पोरांना लाल रॉयल स्टुअर्टच पाहिजे होतं, पण टेलरमामांनी ते आणि ब्लॅक वॉच नावाचं टार्टन अशी दोन्ही कापडं दुकानाबाहेर उन्हात धरून दाखवली आणि मग सगळे ब्लॅक वॉचवर आले, गडद हिरवा-निळा-काळा, पांढऱ्या शर्टाखाली काय उठून दिसतंय! स्कॉटलंडात पारंपरिक किल्टला सिंगल पन्ह्याची (कमी रुंदीची) लोकर 8 यार्डापर्यंत लागते, आपल्या उन्हात ते झेपणार नाही म्हणून टेरीकॉट घेतलं. चुण्या मोजून अशा पाडल्यात की मागनं बघितलं तरी चौकडा तुटत नाही, हे सगळ्यांना जमत नाही हो. फक्त सगळ्यांचं कापड एकाच लॉटमधलं घ्या, नाहीतर रंगात फरक पडतो.