संभाजीनगरची मोठी सायकल राइड: रस्ता झकास, बॅगेचा मात्र नुसता घोळ

पाचपैकी साडेतीन देतेय. चार द्यायची लै इच्छा होती पण बॅग काउंटरसमोरची ती गर्दी आठवली की अर्धा आपोआप कापला जातो. ज्यांना पुढच्या वेळी जायचंय त्यांच्यासाठी लिहायलेय, त्यामुळं राइडचं कौतुक कमी आणि बॅगेचं पुराण जास्त आहे, आधीच सांगून ठेवते.

राइडचं थोडक्यात. क्रांती चौकातून सुटायचं, नगर नाका, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा करत दौलताबादच्या किल्ल्यापर्यंत जायचं आणि तसंच माघारी, तीसेक किलोमीटर धरा. घाट नाही, तो किल्ल्याच्या पुढं लागतो, त्यामुळं गिअरच्या सायकलीची गरज नाही. पोरासोरांसाठी शहरातल्या शहरात छोटा राउंड होता. रस्ता बंद ठेवलेला, चौकाचौकात पोलीस, एरवी त्याच रस्त्यानं जाताना ट्रक कानाला वारा घालून जातात आणि आपण मुरुमात उतरतो, त्या दिवशी मधोमध सायकल चालवली. एवढ्यासाठीच तर पैसे भरतो माणूस. वातावरण एक नंबर होतं, विषय संपला.

आता बॅग.

आदल्या दिवशी रात्री ग्रुपवर मेसेज आला, सुरक्षेच्या कारणास्तव सहभागींनी बॅग आणू नये. बस्स, एवढंच. आता बॅग म्हणजे नेमकं काय हो? पाठीवरची सॅक बंद हे कुणालाही कळतं. पण सीटखाली लावतात ती वीतभर सॅडल बॅग? हँडलची? कमरेची पाऊच? पाण्याची पाठीवरची ती नळीवाली? कॅरिअरला अडकवलेली कापडी पिशवी? लोकांनी रात्री बारापर्यंत विचारलं, ॲडमिननं सगळ्यांना मिळून एक अंगठा दाखवला आणि झोपून गेला.

नियम चुकीचा आहे असं मी अजिबात म्हणत नाही बरं का. सकाळी रांगेत काही जण पोलिसांवरच डाफरायलेले, सायकल राइडला कशाला चेकिंग, इथं काय मंत्री येणार आहे का. अहो, सायकल आणि बॅग या दोन गोष्टींवर पोलिसांची नजर का असते ते जरा आठवा. हैदराबादला दिलसुखनगरमध्ये २१ फेब्रुवारी २०१३ ला स्फोट झाले ते दोन्ही बॉम्ब सायकलींनाच लावलेले होते. आमच्याकडचे निम्मे लोक दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला हैदराबादला जातात, ती बातमी आमच्या घरी टीव्हीवर दिवसभर चालू होती. त्याच्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १५ एप्रिलला अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनच्या फिनिश लाइनजवळ पाठीवरच्या सॅकमध्ये प्रेशर कुकर ठेवून स्फोट केले, तिघं गेली, अडीचशेच्या वर माणसं जखमी. आणि लगेच ५ मे ला न्यूयॉर्कची ती प्रसिद्ध ‘फाइव्ह बोरो’ राइड होती, शहराच्या पाचही भागांतून जाणारी, ४० मैलांची, १९७७ पासून चालू आहे आणि ३०-३२ हजार सायकलवाले असतात तिच्यात. त्यांनी हातात तीन आठवडेसुद्धा नसताना सॅक बंद केल्या, पाण्याच्या पाठीवरच्या बॅगासुद्धा बंद. तिथले लोक पण कुरकुरले असतीलच, पण नियम काय आहे ते गेटवर यायच्या आधी माहीत होतं. म्हणून म्हणते, बंदीला माझा विरोध नाही, बंदी घालून पुढचं सगळं वाऱ्यावर सोडण्याला आहे.

आमच्याकडं काय झालं, गेट दोन आणि नियम पण दोन. डावीकडच्या रांगेत सॅडल बॅग नुसती दाबून बघून सोडायलेले, उजवीकडं तीच बॅग काढून काउंटरला जमा करा म्हणायलेले. माझी पाऊच उजवीकडं अडवली, माझ्या जावेची अगदी तसलीच पाऊच डावीकडून आत गेली सुद्धा, आणि ती आतून मला हात करायलीये, ये की गं लवकर. लोकांनी पण मग हुशारी केली, उजवीकडून माघारी फिरून डावीकडं उभे राहिले. असं असेल तर चेकिंगला अर्थ काय उरला?

माझ्या पुढं एक कॉलेजचा मुलगा होता. त्याच्या सॅडल बॅगेतून कॉन्स्टेबल मॅडमनं बोटाएवढी स्टीलची चकचकीत नळकांडी काढली, एका टोकाला निमुळती. पंक्चर झाल्यावर झटक्यात हवा भरायची सीओटू कार्ट्रिज असते ना, १६ ग्रॅमवाली, ती. ज्यानं कधी बघितली नाही त्याला ती बंदुकीची गोळीच वाटणार, मॅडमचा चेहराच बदलला. पोरगं बिचारं घाबरून इंग्रजीत समजवायलं, त्यानं अजूनच घोळ झाला. शेवटी मागं उभे असलेले एक सायकल दुरुस्तीवाले काका म्हणले, मॅडम हवा आहे हो ह्याच्यात, ट्यूबमधी भरायची, कोकच्या बाटलीत असती तीच हवा. मॅडमनं हातात धरून वजन बघितलं, साहेबांना दाखवलं, मग सोडलं. यात मॅडमची काहीच चूक नाही. आदल्या दिवशी कुणीतरी त्यांना टेबलावर मांडून दाखवायचं ना, ही टायर काढायची लिव्हर, हे बारीकसारीक हत्यारांचं मल्टीटूल, ही कार्ट्रिज, हा छोटा पंप. दहा मिनिटांचं काम.

आणि एक विनंती, चेकिंगच्या टेबलाशी बॉम्बचा विनोद करू नका. एकानं केला, मागची अख्खी रांग खोळंबली.

पुढचा मुद्दा जरा बायकांचा आहे, पण पुरुषांनी पण वाचा. बॅग आणू नका हे कुणी लिहिलं असेल तो नक्की सायकलिंगची जर्सी घालणारा माणूस असणार. जर्सीला पाठीमागं तीन खिसे असतात, त्यात मोबाइल, चावी, केळं, पंप सगळं बसतं. कुडता-लेगिंगला खिसा असतो का? आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या बायका पंजाबी ड्रेसवर आलेल्या, दोघीजणी नऊवारी नेसून फेटा बांधून, त्यांचे तर फोटो पण पेपरवाल्यांनी काढले. या सगळ्यांनी घराची चावी, मोबाइल, दम्याचा पंप कुठं ठेवायचा? माझी पाऊच जमा केल्यावर मी मोबाइल हातात आणि चावी दोरीनं गळ्यात, अशी सायकल चालवली. एका हातानं ब्रेक. हे सुरक्षेचं म्हणायचं का?

आमच्या यांना शुगर आहे. त्यांच्याकडं ग्लुकोमीटर, साखरेच्या गोळ्या, बिस्किटाचा पुडा आणि इन्सुलिनचं पेन, सगळं एका छोट्या डबीत. गेटवर म्हणले हे पण जमा करा. आता शुगर मिटमिट्याला उतरली तर डबी क्रांती चौकात असून काय उपयोग? नशीब, एक पीएसआय साहेब समजूतदार निघाले, उघडून बघितलं, काका न्या बिनधास्त म्हणले, वर पुढच्या पॉइंटला वायरलेसवर सांगून पण ठेवलं. त्या साहेबांसाठी खरंतर वेगळे पाच स्टार. पण असला भला माणूस गेटवर असेल का नसेल यावर औषधाचं अवलंबून ठेवणं बरोबर नाही. फॉर्ममध्ये बीपी-शुगरचा रकाना होताच की, मी स्वतः भरलेला, मग ज्यांनी तो भरला त्यांच्या बिबवर, म्हणजे छातीला लावायच्या नंबरवर, एक लाल टिकली चिकटवायची, गेटवाल्याला लगेच कळलं असतं.

एक आजोबा आलेले, बावीस इंची जुनी सायकल, धोतर, टोपी, कॅरिअरला कापडी पिशवी. पिशवी उघडली तर ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि कांदा, फडक्यात बांधलेलं. स्वयंसेवक पोरगा म्हणतो, आजोबा खाण्याचं अलाऊड नाही, आत नाश्ता आहे. आजोबा म्हणले, तुझा नाश्ता तू खाय बाबा, मला पोहे पचत नाहीत. पाच मिनिटं चाललं दोघांचं. शेवटी पिशवी जमा झाली आणि भाकरी फडक्यासकट आजोबांच्या बंडीच्या खिशात गेली. बंडीला खिसे असतात, बघा.

पाण्याचं सांगायचं राहिलं. पाठीवरची पाण्याची बॅग साधारण दोन लिटरची असते. ती बंद केली की उरते सायकलची बाटली, पाऊण लिटर, आणि साध्या सायकलींना बाटलीचं स्टँडच नसतं. म्हणजे पाण्याची जबाबदारी आता आयोजकांवर आली ना? पहिलं पाणी पडेगाव सोडून बरंच पुढं. तिथं पोचेपर्यंत जार अर्धे झालेले, मागच्यांना तर तळ दिसला. परत येताना ऊन चढलं, आपल्याकडचं ऊन हिवाळ्यात पण नऊनंतर डोक्यात जातं, आणि लोक मिटमिट्याच्या टपऱ्यांवर बाटल्या विकत घ्यायलेले. पैसे द्यायचे कुठून, पाकीट बॅगेत आणि बॅग काउंटरला. ज्यांच्या हातात मोबाइल होता त्यांनी स्कॅन करून अनोळखी लोकांना पाणी पाजलं. एका टपरीवाल्या मावशींनी आम्हाला तशाच दोन बाटल्या दिल्या, आम्ही संध्याकाळी जाऊन पैसे देऊन आलो.

पंक्चरचं पण तसंच. आपल्या रस्त्यांच्या कडेला बाभळीचे काटे आणि सराटे, बारीक टायरवाल्यांना ते बरोबर शोधून काढतात. ज्यांच्या सॅडल बॅगा काढून घेतल्या त्यांच्याकडं ट्यूब नाही, लिव्हर नाही, काही नाही. मेकॅनिकची एकच गाडी, ती पुढं निघून गेलेली. शरणापूर फाट्याला सायकली आडव्या टाकून लोक सावलीला बसलेले. त्यातल्या एकानं बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या राइड केलेल्या आहेत, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरी करायची असते ती. तो म्हणला, तिथं लाइट आणि रिफ्लेक्टरचं जॅकेट आहे का ते आधी बघतात, बॅगेत काय कोंबायचं ते तुझं तू ठरव, कारण रस्त्यात कुणी मदतीला येणार नाही हे धरूनच निघायचं. इथं माझं सामान पण काढून घेतलं आणि मदत पण नाही. याला उत्तर नव्हतं कुणाकडं.

आता काउंटर. जमा करताना मस्त वाटलं, पैसे नाही घेतले, बिब नंबर मार्करनं चिकटपट्टीवर लिहून बॅगेला लावला. पण मांडवात बॅगा नंबराप्रमाणं ठेवायच्या असतात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, सगळ्याचा एकच ढीग. राइड संपल्यावर सगळी जनता एकदम काउंटरवर. पोरं ढिगात शिरून एकेक बॅग वर धरून नंबर ओरडायलेली, लग्नाच्या पंगतीत चपला शोधाव्यात तसं चित्र. घामानं आणि दवानं चिकटपट्ट्या निघालेल्या, मग माझी निळी, माझी निळी असं सात जणांचं एकदम. पाऊण तास गेला. माझ्या मागच्या बाईला तिची बॅग मिळाली पण आतली डबा-चमचा असलेली पिशवी नाही, ती शेवटी दुसऱ्या कुणाच्या बॅगेखाली सापडली. पोरांचा दोष नाही, उपाशीपोटी पहाटेपासून उभी होती ती.

मोठ्या मॅरेथॉनमध्ये आयोजकच एक पारदर्शक पिशवी देतात, त्यात बसेल तेवढंच जमा करायचं, चेकिंगवाल्याला बाहेरूनच सगळं दिसतं. तसल्या पिशव्या टीशर्टबरोबर दिल्या असत्या तर फार खर्च नव्हता. शंभर-शंभर नंबरांचे वेगळे टेबल लावायला तर तेवढा पण नाही. आणि मेसेजमध्ये माप सांगायचं, सीटखालची एवढ्या लिटरपर्यंत चालेल, पाऊच चालेल, पाठीवरचं काहीही चालणार नाही. फोटो टाकायचा एक.

तुम्ही जाणार असाल तर माझं ऐका, अर्ध्या लिटरची सॅडल बॅग लावा, त्यात एक ट्यूब, दोन लिव्हर आणि छोटं मल्टीटूल बसतं, आणि गेटवर विचारायच्या आधीच चेन उघडून दाखवा, निम्मं काम तिथंच होतं. मल्टीटूलला चाकू असलेलं घेऊच नका. कार्ट्रिजऐवजी छोटा पंप न्या, तो बघून कुणी दचकत नाही. पाचशेची नोट मोबाइलच्या कव्हरमध्ये. औषध असेल तर डॉक्टरची चिठ्ठी बरोबर ठेवा, सगळीकडं आमच्यासारखे पीएसआय साहेब भेटतीलच असं नाही. बायकांनी कुडत्याला आतून खिसा शिवून घ्यावा, आमच्या गल्लीतल्या टेलरनं माझ्या दोन्ही कुडत्यांना शिवला, मोबाइल बसेल एवढा.

हे सगळं मी आयोजकांच्या फीडबॅक फॉर्ममध्ये पण लिहिणार होते. त्यात बॅगेचा प्रश्नच नाही. नाश्ता कसा होता, मेडल कसं वाटलं, टीशर्टचं माप बरोबर होतं का, एवढंच. म्हणून टीशर्टच्या रकान्यात लिहून टाकलं सगळं. टीशर्ट पण ढगळ आहे, ते शेवटच्या ओळीत लिहिलं.